ठेव

शनिवारी साडेसातला पतसंस्थेचं शटर खाली ओढलं
तेव्हा अशोक चौकातलं डांबर अजून चपलेला चिकटत होतं.
आत अठरा अंश. मी ओढणी कानाभोवती गुंडाळली.
थंडी मशीनसाठी आहे वो, हत्तुरे सर म्हणाले, तुमच्यासाठी नाही,
आणि स्वतः मौला वॉचमनची चादर घेऊन बसले,
मोराची, काठ उसवलेली.

गेल्या वर्षी एकच केबल होती.
उंदरानं कुरतडली, मंगळवारी सकाळी.
विड्या वळणाऱ्या बायका, पासबुकं पदरात धरून,
तीन तास उभ्या होत्या काउंटरपुढं.
पैसा होता. त्याला वाट नव्हती.

म्हणून आता दोन कार्डं, दोन स्विच,
स्टोरेजच्या पेटीला दोन डोकी.
निळी केबल डावीकडून, पिवळी उजवीकडून,
दोघी कुठंही एका खिळ्याला टेकू द्यायच्या नाहीत.
मी यादी मागवली
तर सर्व्हरनं भाबडेपणानं चार डिस्क दाखवल्या,
प्रत्येक दोन टेराबाइटची.
आठ झाले की, मौला चहा ओतत म्हणाला, फुकटात.

एकच आहे ती, मौलाभाई.
चार दारांतून दिसली एवढंच.
यातली एखादी वेगळी समजून कुणी तिच्यावर लिहिलं
तर आपल्याच पानावर आपलीच खाडाखोड.

मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.
घरी मी चिट्टी.
शाळेच्या हजेरीत पद्मावती नरसय्या येमूल.
शेजारच्या कन्नड मावशी पद्दी म्हणतात,
आणि कारखान्याच्या गेटवर कुणी नाव विचारलंच नाही,
नरसय्याची पोरगी म्हणायचे, डबा आत पाठवायचे.
मागवा यादी, चार मुली दिसतील.
हनुवटीखाली कांडीच्या टोकाचा व्रण
मात्र एकच.

डिस्कलाही असा व्रण असतो, तेहतीस अक्षरांचा.
तो मी अक्षर अक्षर वाचत फाइलीत उतरवला,
सर पडद्यावर बोट ठेवून ताडून बघत होते.
पुढं टोपणनाव लिहायचं असतं.
मी लिहिलं: ठेव.
सेवा पुन्हा सुरू केली.
एकच नाव उमटलं, त्याखाली चार ओळी,
चारी जाग्या.

मग लिखाण चालू ठेवून केबल उपटायची.
तुम्ही ओढा, सर म्हणाले.
माझा हात निळीवर थांबला.
नायनांच्या मागावर तार तुटली की पत्ती पडायची,
माग जागच्या जागी उभा.
एका तारेपायी दोन हजार तारा खोळंबायच्या.
नायना वाकून, थुंकी लावून गाठ मारायचे
आणि मुकादम घड्याळ बघायचा.

ओढली.

आकडे गोठले.
तीन सेकंद. पाच.
मौलानं उचललेला कप तसाच धरला.
अकरा.
मग आकडे चालू लागले, पिवळीवरून,
मागं वळून न बघता.
दोन ओळींपुढं निकामीची खूण,
लिखाणात एक अक्षर कमी नाही.

आणि पिवळीपण निघाली तर? मौलानं विचारलं.
तर थांबायचं. तसंच सांगून ठेवलंय फाइलीत:
वाट उरली नाही तर चूक म्हणू नको,
आलेलं सगळं रांगेत धरून ठेव,
कुणीतरी केबल लावायला येईल.
किती वेळ धरायचं?
सरांनी चादर सावरली.
ते ठरवायचं राहिलंय, म्हणाले.

रात्री अकराला घरी आले.
नायना ओट्यावर, बनियनवर.
डावा कान मागांनी नेला, पंचेचाळीस वर्षांत.
मी विसरून डावीकडून हाक मारली.
ते रस्त्याकडं बघत राहिले.
मी फिरून उजवीकडं गेले.
वच्चिनवा, चिट्टी?
सरकले, जागा केली.
ओटा अजून गरम होता.